उजवीकडची सीट

हरेश नावाचा एक गृहस्थ पुण्याहून दोन कॅमेरे घेऊन आमच्या निडीच्या अंगणात उतरला, तेव्हा मी ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसले होते. जुन्या आणि नव्या गाड्यांची तुलना करणारे व्हिडिओ तो बनवतो. रोह्याजवळच्या एका खेड्यात, एकाच छपराखाली, सदुसष्ट सालची मस्टँग आणि तिची आजची नात अशा दोघी उभ्या आहेत, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं आणि त्याचा विश्वास बसला नव्हता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आमच्याकडे एका गोठ्यात दोन ट्रॅक्टर दिसले तरी लोक वाट वाकडी करून बघून जातात.

मी मात्र गाड्यांसाठी आले नव्हते. माझं सासर पेणला. नवरा दिनानाथ आणि मी हायवेला सीटकव्हरचं दुकान चालवतो. तो गिऱ्हाइकांशी गोड बोलतो आणि मी मशीनवर बसून त्यांना मनातल्या मनात शिव्या घालते. आदल्या दिवशी दिशाचा फोन आला म्हणून मी माहेरी आले. दिशा म्हणजे माझ्या भावाची, आदर्शची बायको. आदर्शला जाऊन वर्ष उलटलं. ती लॅबमध्ये रक्त तपासायचं काम शिकलेली, लग्नाआधी नोकरी केलेली मुलगी. अलिबागच्या एका दवाखान्यातून तिला बोलावणं आलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि या वेळी नाही आलीस तर पुन्हा विचारणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"मामांना तुम्ही सांगा, ताई," ती फोनवर म्हणाली. "माझ्यानं नाय होत. मी गेले तर ताट कोण नेणार, येवढंच विचारतात."

मामा म्हणजे तिचे सासरे, माझे वडील हैबतराव, आमचे आबा. ताट म्हणजे काय ते सांगायचं तर मला मागे जावं लागेल. मागे जायचं माझ्या जिवावर येतं, पण त्याशिवाय कळणार नाही.

आबा तरुणपणी मुंबईला एका शेटकडे ड्रायव्हर होते. शेटने कुठल्याशा परदेशी साहेबाकडून ही अमेरिकन गाडी घेतली, हौस फिटेपर्यंत उडवली, आणि पेट्रोलचे भाव चढले, सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा आबांच्या गळ्यात मारली. आबांना वाटलं स्वर्ग हाती आला. लाल रंग, लांबलचक नाक, पुढच्या जाळीत धावता घोडा आणि स्टेअरिंग डावीकडे. बैलगाडीने वैतागावं अशा रस्त्यावरून त्यांनी ती गावात आणली. आई, बायजा, तिच्यात उजवीकडे बसायची. आपल्याकडच्या गाड्यांत ती ड्रायव्हरची जागा, त्यामुळे समोरून येणाऱ्याला वाटायचं बाईच गाडी हाकतेय. आई त्याची मजा घ्यायची. हात मांडीवर ठेवून गंभीर चेहऱ्याने रस्त्याकडे बघत बसायची, आणि एसटीचा ड्रायव्हर आ वासून वळून बघायचा.

आदर्श दोन महिन्यांचा असताना आईला ताप भरला. आधी घरगुती उपाय झाले. मग डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा आबांनी तिला गाडीत घातलं आणि पेणच्या दवाखान्याकडे निघाले. मी नऊ वर्षांची, मागच्या सीटवर, मांडीवर आदर्श. नागोठण्याच्या पुलावर आईचं डोकं खिडकीला टेकलं. मला वाटलं झोपली. आदर्श रडायला लागला की मी त्याला गप्प करत होते, आईला झोपू दे म्हणत होते. पेण येईपर्यंत मी तिला झोपू दिलं.

आमच्या भावकीत एक रीत आहे. घराबाहेर, रस्त्यात गेलेल्या माणसाला घरचा उंबरा सापडत नाही म्हणतात. म्हणून वर्षभर दुपारचं त्याचं ताट घरात न वाढता तो जिथे गेला तिथे न्यायचं. कोणाचं विहिरीवर, कोणाचं बांधावर. वर्ष झालं की गोडाधोडाचं करायचं, आता तुझं तू जा असं तोंडाने सांगायचं आणि ताट बंद करायचं. शहाण्या माणसांनी घातलेली रीत आहे. रडायला वर्ष दिलं आणि वर्षाला कुंपण घातलं.

आई गाडीत गेली, म्हणून तिचं ताट गाडीत. आबांनी गाडी गोठ्याशेजारच्या छपरात उभी केली ती पुन्हा चालवली नाही. आणि वर्ष झालं तरी ताट बंद केलं नाही. ताट मी न्यायचे. मधल्या सुट्टीत शाळेतून धावत यायचं, उजवीकडचं दार उघडायचं, ताट रिकाम्या सीटवर ठेवायचं. डावीकडे, स्टेअरिंगपुढे, आबा त्यांचं ताट घेऊन बसलेले असायचे. ते जेवून उठेपर्यंत बाहेर उभं राहायचं आणि मग आईचं ताट गाईला घालायचं. लग्न होईपर्यंत मी हे केलं. पाठवणीच्या वेळी मुली माहेर सुटतं म्हणून रडतात. मी ताट सुटलं म्हणून रडले, आनंदाने, आणि बायका म्हणाल्या, बापावर फार जीव हो पोरीचा.

आदर्श त्या बंद गाडीच्या अंगाखांद्यावर वाढला. टायर बसलेले, घोडा गंजलेला, तरी हा बॉनेटवर बसून तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचा. मोठा झाल्यावर त्याने डोलवीच्या कारखान्याला माणसं पुरवायचं कंत्राट घेतलं, हाताशी पैसे आले, आणि मुंबईच्या कोणा माणसाने वापरून विकलेली नवी मस्टँग घेऊन आला. निळी. हिचं स्टेअरिंग उजवीकडे. आमच्या रस्त्यावर त्या गाडीने धावायचं कुठे? खड्डा आला की पोट घासायचं. नाकापेक्षा मोती जड, असं मी त्याला चिडवायचे. तो म्हणायचा, "ताई, मला निस्ता घोडा पळताना बघायचा होता."

गेल्या वर्षी धरमतरच्या खाडीलगत, मिठागराच्या बाजूच्या रस्त्यावर, भर सकाळी ती गाडी उभी दिसली. इंजिन चालू, इंडिकेटर दिलेला, गाडी नीट कडेला घेतलेली. आत आदर्श. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मरता मरता दुसऱ्याच्या वाटेत नको म्हणून त्याने आधी गाडी कडेला घेतली, असा होता माझा भाऊ. दवाखान्याच्या धावपळीत त्याच्या खिशातली चावी गेली ती गेलीच. घरच्या कपाटात दुसरी चावी होती, ती घेऊन दिनानाथने गाडी निडीला आणली आणि जुनीच्या शेजारी लावली.

त्यानंतर आबांनी अंथरूण धरलं. पाणीसुद्धा घोट घोट पाजावं लागायचं. आदर्शचं ताट दिशा रीतीप्रमाणे गाडीत नेऊन ठेवायची. मग एके दुपारी आबा भिंतीला धरून उठले, छपरात गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने चावी दाबून गाडीचं दार उघडलं. ड्रायव्हरची सीट आपोआप सरसर मागे सरकली. आत कोणी नव्हतं. आबा त्या दिवशी गाडीत, डावीकडच्या सीटवर बसून पोटभर जेवले. संध्याकाळी अख्ख्या आळीला सांगितलं, "आदर्श हाय. बाप आला म्हणून सरकून बसला."

आळीतली माणसं बघून गेली. सीट प्रत्येक वेळी तेवढीच मागे सरकायची. कोणी हात जोडले, कोणी लांबूनच परतले. मी गेले नाही. ताट गाडीत जातंय एवढं ऐकलं आणि मी त्या छपराकडे फिरकले नाही. वर्ष झालं, गोडाचं झालं, पण ताट बंद करायचं नाव आबा काढेनात. तो आहे तोवर ताट आहे, असं म्हणाले. चाळीस वर्षांपूर्वीचीच गोष्ट, फक्त माझ्या जागी आता दिशा होती.

तर असा हा हरेश आमच्याकडे तुलना करायला आला.

आबांना कोण आनंद झाला. त्यांनी धुतलेला सदरा घातला. हरेशने दोन्ही गाड्यांची नाकं मोजली, दोन्ही घोड्यांचे फोटो काढले. दोन्हींना आठ सिलिंडर, पण जुनी पेट्रोल पिते त्याला सुमार नाही, असं तो कॅमेऱ्याला सांगत होता. जुनीत पत्रा जाड, नवीत हवेच्या पिशव्या. जुनीचा ब्रेक म्हणजे देवाचा धावा, नवीचा ब्रेक स्वतःहून लागतो. मग त्याने कॅमेरा आबांकडे वळवला. "काका, तुम्ही दोन्ही जवळून पाहिल्यात. खरा फरक काय?"

"जुनी इसरते," आबा म्हणाले. "नवी इसरत नाय."

हरेशला कळलं नाही.

"माझी बायको हिच्यात गेली," आबांनी जुनीच्या टपावर हात ठेवला. "तिच्या तेलाचा वास हिच्यात सा म्हैने होता. मंग शेणाचा यायला लागला, मंग उंदरांचा. बसायची तिथं खळगा होता, तो पण फुगून वर आला. आता हिला काय म्हाईत नाय. आन् ही बघा." त्यांनी खिशातली चावी दाबून निळ्या गाडीचं दार उघडलं. आत मोटर बारीक कण्हली आणि सीट मागे सरकली. शेवटी हलकासा टक वाजला. "माझा पोरगा हिच्यात गेला. वर्स झालं. आजून तेवढाच मागं सरकतो. सुताचा फरक नाय."

मी सोललेले वाल सुपात घेऊन तिथे उभी होते. ते सरकणं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या मानेवर काटा आला. दुपारचं ऊन छपराबाहेर पांढरं पडलेलं, सगळीकडे शांत, आणि त्या रिकाम्या सीटने आम्हाला जागा करून दिली. हरेशने कॅमेरा खाली घेतला. मग आबा त्याच्यासाठी शहाळं आणायला गेले, तेव्हा तो हलक्या आवाजात माझ्याशी बोलला. चांगल्या घरचा होता, म्हाताऱ्यापुढे बोलला नाही.

"ताई, ही मेमरी सीट आहे. गाडीच्या प्रत्येक चावीला आपापलं माप बांधून ठेवता येतं. ती चावी आली की सीट त्या मापावर जाते, कुलूप लागलं की परत पुढे येते. तुमचे भाऊ बरेच उंच असणार. सहा फुटांच्याही वर."

माझा भाऊ माझ्या कानापर्यंत यायचा. त्याच्या पाठीमागे घालायला जाड उशी मीच शिवून दिली होती, कारण पाय पोचत नव्हते. छाती स्टेअरिंगला लावून तो गाडी चालवायचा, बैलांच्या शेपटाशी बसणाऱ्या गाडीवानासारखा. त्याची चावी तर दवाखान्यातच हरवली. ही कपाटातली चावी त्याने कधी वापरलीच नव्हती. तिच्यात बांधलेलं माप मुंबईच्या त्या पहिल्या मालकाचं होतं. तो माणूस जिवंत असेल, कुठेतरी आरामात दुसरी गाडी चालवत असेल, आणि इथे वर्षभर त्याला कोणी ताट वाढत होतं.

हरेश शहाळं पिऊन, आबांच्या पाया पडून गेला. मी तडक स्वयंपाकघरात गेले. दिशा दुपारचं ताट वाढत होती. भात, त्यावर आमटी, कडेला बोंबलाची चटणी. आदर्शला आवडायची तेवढीच लहान मूद. मी दार लोटलं आणि हरेशने सांगितलेलं सगळं तिला सांगितलं.

तिने चटणी वाढून घेतली, मग डबा बंद केला. "म्हाईत हाय मला, ताई."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. त्यांच्या शेजारी मी बसायची ना. त्यांची सीट येवढी पुढं असायची की मला हसू यायचं. ही कोणा लांब माणसाची हाय, ते मला बघताक्षणी कळलं."

"आणि तू वर्षभर ताट नेलंस?"

"मामा मरायला टेकले होते. त्या सीटनं उठून बसले. मी काय सांगणार होते, झोपा परत?" ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "आन् खरं सांगू? तो कोणीतरी परका हाय म्हणून मी नेऊ शकली. आदर्श असते तर माझ्यानं झालं नसतं. रोज त्यांच्यासमोर ताट ठेवायचं आणि रोज ते उचलून गाईला घालायचं, त्यात वेडी झाली असती मी. परक्याला वाढायला काय, एसटी स्टँडवर पण वाढतात."

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी चिडते. तिच्या हातातलं ताट मी काढून घेतलं. बॅग भर म्हटलं. चारच्या गाडीने पेणला जा, तिथून अलिबागची एसटी मिळेल. ती तिथेच उभी राहिली, हात पुढे धरून, ताट अजून हातात असल्यासारखी.

मी छपरात गेले. आबा निळ्या गाडीत डावीकडे बसले होते, मांडीवर त्यांचं ताट. जुनी बाजूला अंधारात, चाकं जमिनीत रुतलेली. एवढ्या वर्षांनी मी पुन्हा उजव्या दाराशी आले, आणि पाय आपोआप तिथेच थांबले जिथे लहानपणी थांबायचे. स्वतःचाच राग आला.

"आज तू?" आबा म्हणाले.

"दिशा बॅग भरतेय. अलिबागला चाललेय ती."

"कोणी सांगितलं तिला?"

"मी." ताट मी सीटवर ठेवलं नाही, हातातच धरलं. "आबा, ही सीट आदर्शची नाय. चावीत माप बांधलेलं असतं. हे माप गाडीच्या आधीच्या मालकाचं हाय. आदर्शची चावी हरवली. त्याचं माप तिच्याबरोबरच गेलं."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घास चावून संपवला.

"मला काय माझा पोरगा म्हाईत नाय?" ते म्हणाले. "त्याला सायकल मी शिकवली. पाय पोचायचे नायत म्हणून नळीखालनं पाय घालून चालवायचा. त्या सीटवर तो बसला असता तर पाय लोंबकळले असते त्याचे. मला पहिल्या दिशीच कळलं."

"मग आळीभर काय सांगत सुटलात?"

त्यांनी शेजारच्या अंधारातल्या लाल गाडीकडे बोट केलं. "तिच्यात मी हितं बसायचो. डावीकडं. ती तिकडं." तेच बोट उजवीकडे, मी उभी होते त्या सीटवर आलं. "तुझं लगीन झालं, तू गेलीस. मंग थोडे दिस मीच न्यायचो ताट. पण आपणच वाढायचं न आपणच जेवायचं, ते काय खरं नाय. बंद पडलं. आदर्श बारका होता, त्याला कशाला सांगू. तवापासून ती उपाशी हाय गो."

"आई मेली, आबा."

"मेलीच हाय. मी कुठं नाय म्हणतो." त्यांचा आवाज अगदी साधा होता, बाजारभाव सांगावा तसा. "त्या गाडीत बसून मी तिला किती वर्सं हाका मारल्या. कोणी हाललं नाय. ह्या गाडीत कोणीतरी हालतं. कोण हाय, ते मी इचारलं नाय."

मला कीव यायला हवी होती. नंतर आली. त्या क्षणी मात्र मला एवढा संताप आला की दाराला धरून उभं राहावं लागलं. या माणसाने एका पोरीला नवऱ्याच्या नावाने बांधून ठेवलं होतं आणि तिच्या हातून सासूचं ताट वाढून घेतलं होतं. जिला तिने फोटोशिवाय कधी पाहिलं नाही, तिचं.

"दिशाला काय सांगितलंत तुम्ही? आदर्श हाय म्हणून?"

"बायजा हाय म्हणून सांगितलं असतं तर आणलं असतं तिनं?"

"मी आणत होते ना लहानपणी? माझं काय झालं ते कधी विचारलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण त्या वेळी त्यांना मी स्वच्छ दिसले असणार, कारण त्यांनी मान खाली घातली. "नाय इचारलं," ते म्हणाले. "तुला इचारलं असतं तर तू नाय म्हणाली असतीस."

बाहेर गाय हंबरली. तिची वेळ झाली होती.

"दिशाला जाऊ दे," आबा हळू म्हणाले. "मी अडवत नाय तिला. पण ताट..."

"ताट आजपासून बंद," मी म्हणाले, आणि त्यांच्यासमोर हातातलं ताट गाईला घातलं.

दिशा निघताना त्यांच्या पाया पडली. ते तिला म्हणाले, "येळेवर जेवत जा. एकटी माणसं जेवत नायत." स्टेशनवर पंखा नाही, बाकावर ऊन. गाडी दिसली तेव्हा तिने माझा हात धरला. मला वाटलं आभार मानतेय, पण ती म्हणाली, "ताई, आजच्या दिवस राहा तुम्ही. मामांना एकटं ठेवू नका." मग चढली, खिडकीजवळ बसली, आणि गाडी सुटली तसा तिचा चेहरा सैल पडला. वर्षभर मी तो चेहरा आवळलेलाच पाहिला होता. माझं काम झालं होतं. परत येताना बरं वाटायला हवं होतं.

मी राहिले. दिनानाथला फोन करून सांगितलं, उद्या येते.

दुसऱ्या दिवशी सकाळभर आबा ठीक होते. वालाच्या शेताला फेरी मारून आले, माझ्याशी खताच्या भावाबद्दल बोलले. मी उरलेल्या वालाचं बिरडं केलं, त्यांना ओटीवर पाट मांडला. ते म्हणाले, भूक नाय, मागून बघू. दुपार झाली. गावात या वेळेला कुत्रंही उठत नाही. मी भांडी घासायला मागच्या दारी बसले, तिथून छप्पर दहा पावलांवर आहे.

गाडीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. मोटर कण्हली. शेवटचा तो टक, कोणी पाठ टेकून बसल्यासारखा. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

आबा डावीकडे बसले होते, हात मांडीवर. आज त्यांच्याकडेही ताट नव्हतं. ते उजवीकडे तोंड करून बोलत होते. पाहुण्याला जेवायला उशीर झाला की घरचा माणूस जसा ओशाळून बोलतो, तसे.

"आज पण नाय," ते म्हणत होते. "तिच्यावर रागवू नको. पोरगी नांदती हाय, तिचं घर हाय, दुकान हाय. रोज रोज पेणवरनं कुठनं येल?" मग थांबले. ऐकत असल्यासारखी मान हलवली. "व्हय. मला पण नको. तू उपाशी न मी जेवू, ते बरं नाय दिसत."

पाच मिनिटं मी तिथेच उभी होते. ताट बंद झालं म्हणून मी काल ताठ मानेने सांगितलं होतं. दिशा सुटली होती, ते खरं होतं आणि ते मला परत फिरवायचं नव्हतं. पण आपल्या बापाला उपाशी बसलेलं बघून मुलीने काय करायचं, याची आमच्या भावकीत रीत नाही. मी त्यांच्यावर चिडले, आईवर चिडले, त्या मुंबईच्या उंच माणसावर चिडले ज्याने गाडी विकताना आपलं माप पुसलं नाही. मग स्वयंपाकघरात गेले.

दोन ताटं घेतली. भात वाढला, वर बिरडं, कडेला लिंबाची फोड. एक आबांचं. दुसऱ्यात किती वाढायचं ते हाताला अजून माहीत होतं. आईला भात कमी लागायचा.

आबांचं ताट मी त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी काही विचारलं नाही. मी वळसा घालून उजव्या दाराशी आले, दार पूर्ण उघडलं आणि मागे सरकलेल्या त्या रिकाम्या सीटवर दुसरं ताट ठेवलं. लहानपणी एवढी वर्षं ताट नेलं, पण तोंडातून शब्द कधी काढला नव्हता.

"आई," मी म्हणाले, "जरा उशीर झाला."